नवा हुकमी खेळाडू आला की बास्केटबॉल संघाची घडी पुन्हा कशी बसवायची

कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघानं बाहेरून एखादा तगडा खेळाडू आणला की हंगाम सुरू व्हायच्या आधीच कट्ट्यावर चर्चा रंगते. तो कुठं खेळणार, कुणाला बसवणार, आधीच्या स्ट्रायकरचं आता काय होणार? बास्केटबॉलमध्ये हे प्रश्न जास्त टोकदार होतात. फुटबॉलमध्ये अकरांतला एक बदलतो, इथं पाचांतला एक. चेंडू एकच, मैदान 28 बाय 15 मीटरचं, आणि 24 सेकंदांच्या आत शॉट सुटलाच पाहिजे. त्यामुळं एक माणूस बदलला की उरलेल्या चौघांची जागा, चेंडू हातात येण्याची वेळ आणि बचावातलं काम असं सगळंच हलतं.

हा लेख कॉलेज, क्लब आणि जिल्हा पातळीवरच्या प्रशिक्षकांसाठी आणि कर्णधारांसाठी आहे. शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेला जाणारा कॉलेजचा संघ असो की उन्हाळ्यातल्या निमंत्रित स्पर्धा खेळणारा क्लब, चूक बहुतेक ठिकाणी एकच होते. सगळ्यांचं लक्ष नव्या खेळाडूवर राहतं. तो रुळला का, त्याला आवडतंय का, त्याला पास मिळतायत का, एवढंच बघितलं जातं. खरी अडचण मात्र ज्याचं काम तो घेतो, त्या जुन्या खेळाडूची असते. ते काम कुणाचं, किती आणि त्या बदल्यात त्याला काय द्यायचं, हे पहिल्या सामन्याआधी कागदावर आलं तर संघ सहा आठवड्यांत मार्गी लागतो. नाही आलं तर पूर्ण हंगाम कुरबुरीत जातो.

तो येण्याआधी: वही आणि पेन्सिल

सुरुवात मोजणीनं करा. नवा खेळाडू येण्याआधीच्या तीन सामन्यांची किंवा सरावात पूर्ण वेळ खेळलेल्या सामन्यांची नोंद पुरेशी होते. व्हिडिओ असेल तर उत्तम. नसेल तर बाकावर बसणाऱ्या एका हुशार मुलाला वही द्या.

मोजायचं ते पझेशन. चेंडू आपल्याकडं आल्यापासून तो प्रतिस्पर्ध्याकडं जाईपर्यंत एक पझेशन. शॉट चुकला आणि रिबाउंड (रिंगवरून उसळलेला चेंडू) आपल्यालाच मिळाला तर तेच पझेशन चालू राहतं, नवं धरायचं नाही. 40 मिनिटांचा सामना म्हणजे 2400 सेकंद. एका पझेशनला सरासरी 16 सेकंद धरले तर दोन्ही संघांची मिळून 150 होतात, म्हणजे आपल्या वाट्याला साधारण 75. वहीत प्रत्येक जर्सी नंबरचा एक रकाना करा. पझेशन ज्याच्या हातून संपलं त्याच्या रकान्यात एक रेघ. संपणं तीनच प्रकारचं असतं: त्यानं शॉट घेतला, त्याच्यावर फाउल होऊन फ्री थ्रो मिळाले, किंवा त्याच्या हातून चेंडू गेला.

जिवंत नोंद जमली नाही तर स्कोअरशीटवरून अंदाज काढता येतो. संघानं घेतलेले एकूण शॉट, त्यातून आपण मिळवलेले आक्रमणातले रिबाउंड वजा, त्यात टर्नओव्हर (शॉटशिवाय हातून गेलेले चेंडू) मिळवा, आणि फ्री थ्रोच्या संख्येला 0.44 नं गुणून तेही मिळवा. उत्तर खऱ्या आकड्याच्या जवळच येतं. रिबाउंड आणि टर्नओव्हर मात्र साध्या स्कोअरशीटवर नसतात, ते वेगळे लिहावेच लागतात.

आता एक नमुना बघू. समजा संघाच्या 75 पझेशनपैकी 7 नंबरच्या हातून 22 संपतात. बाकीच्या चौघांचे आकडे 17, 14, 12 आणि 10 आहेत. नवा खेळाडू 11 नंबर घालून येतो आणि 10 पझेशनवाला बाकावर जातो. नव्याची सवय 23 पझेशन संपवायची आहे. पझेशन 75 च राहणार, वाढणार नाहीत. मग उरल्या 52. जर 17, 14 आणि 12 वाल्यांनी आपापला वाटा सोडला नाही, तर 7 नंबरच्या वाट्याला 9 उरतात. काल 22, आज 9. हा मुलगा वाईट वागायला लागला तर त्याचा स्वभाव बिघडला असं म्हणायचं कारण नाही, त्याचं निम्म्याहून जास्त काम गेलेलं आहे.

तोच भार सगळ्यांनी उचलला तर आकडे असे होतात: 7 नंबर 17, आणि बाकीचे तिघे 14, 12 आणि 9. बेरीज 52 च. 7 नंबरचे पाच गेले, इतरांचे दोन-तीन. हे दुखतं, पण सोसण्यासारखं आहे. ही दोन गणितं समोर ठेवून ठरवा की आपल्याला कुठं जायचंय.

अमेरिकेतल्या एनबीएसारख्या मोठ्या लीगमध्येही याला सुटका नाही. 2007 मध्ये बोस्टन सेल्टिक्सनं पॉल पिअर्सच्या जोडीला केव्हिन गार्नेट आणि रे अॅलन आणले. आधीच्या हंगामात तिघांची सरासरी अनुक्रमे 25.0, 22.4 आणि 26.4 गुण होती. एकत्र आल्यावर ती 19.6, 18.8 आणि 17.4 झाली. तिघांची मिळून 18 गुणांची घट. आणि संघ 24 विजयांवरून 66 विजयांवर गेला, 2008 चं विजेतेपद घेतलं. गार्नेट त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ज्यांचा वाटा कमी झाला त्यांनी ती ताकद बचावात घातली. हे आकडे आपल्या मुलांना दाखवाच, शंभर भाषणांचं काम ते करतात.

जुन्या एक्क्याशी आधी बोला

नव्या खेळाडूची बातमी 7 नंबरला व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळता कामा नये. प्रशिक्षकानं त्याला आधी एकट्याला बोलवावं, शक्यतो सरावाच्या दिवशी नाही. वही समोर ठेवावी. "तू आपला चांगला खेळाडू आहेस, सगळं सांभाळून घे" एवढंच बोलणं निरुपयोगी असतं. त्यातून त्याला काहीच कळत नाही, आणि शंका मात्र येते.

त्याऐवजी तीन गोष्टी ठोस सांगा. काय कमी होणार: "तुझे शॉट 22 वरून 17 च्या आसपास येतील." काय वाढणार: "समोरच्या संघाचा सगळ्यात भारी बचाव करणारा आता त्याच्यावर जाईल, तुला दुसरा मिळेल. तुझे शॉट कमी, पण मोकळे." आणि काय फक्त त्याचंच राहणार: उदाहरणार्थ, नवा खेळाडू विश्रांतीला बाहेर असेल तेव्हा सगळा खेळ याच्या हातात, बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकतानाची एक ठरलेली चाल याच्यासाठी, तांत्रिक फाउलचा फ्री थ्रो यानंच घ्यायचा. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची असते. माणसाला कमी काम चालतं, पण आपलं म्हणून काहीतरी उरावं लागतं.

मग त्याला बोलू द्या. "सर, मग मी कॅप्टन राहणार का?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर त्याच बैठकीत द्या. हंगामाच्या मध्ये कर्णधारपद काढून नव्याला देण्याइतकी दुसरी घातक गोष्ट नाही.

याच बैठकीत त्याला नव्याचा जोड करा. तालमीत चांगला जोड मिळाला नाही तर पैलवान वाढत नाही, हे कोल्हापुरात कुणाला समजवायला नको. सरावात रोज 10 मिनिटं या दोघांनी एकमेकांविरुद्ध एकास एक खेळायचं, हाफ कोर्टवर, प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन ड्रिबल. तीनच का? एवढ्यात सामन्यासारखी चाल होते आणि नुसती चेंडूची कसरत होत नाही. पहिल्या आठवड्यात दोघंही थोडे चिडून खेळतात. ते चिडणं सरावात निघालेलं बरं.

नव्याशी बोलणं यापेक्षा सोपं. तो कुठून चेंडू घेतो, कुठल्या हातानं जातो, स्क्रीन (सहकाऱ्यानं बचावपटूच्या वाटेत उभं राहून धरलेली आड) कुठल्या कोनातून हवा, थकल्यावर काय करतो हे त्याला विचारा. आणि एक वाक्य नक्की सांगा: पहिल्या दोन आठवड्यांत संघातल्या कुणाला शिकवायला जायचं नाही. वयानं मोठा, पुण्या-मुंबईकडं खेळून आलेला खेळाडू चांगल्या मनानं सूचना द्यायला लागतो आणि "दादाला आपलं काहीच पटत नाही" अशी कुजबुज सुरू होते. मुलींच्या संघातही हेच, ताई येते आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचा शॉट दुरुस्त करायला घेते.

पहिले दोन आठवडे: शब्द एक करा

संघाचा ताळमेळ आधी बिघडतो तो बचावात, आणि बहुतेकांना तो आक्रमणात बिघडला असं वाटतं. कारण साधं आहे. आक्रमणात हुशार खेळाडू वेळ मारून नेतो. बचावात दोघांनी एकाच क्षणी एकच निर्णय घ्यावा लागतो.

उदाहरण घ्या. समोरचा संघ चेंडूवाल्यासाठी स्क्रीन लावतो. आपला जुना संघ अशा वेळी स्विच करतो, म्हणजे दोघं आपापला माणूस बदलतात. नव्याच्या आधीच्या संघात हेज करायची पद्धत होती: उंच खेळाडूनं क्षणभर बाहेर येऊन चेंडूवाल्याला अडवायचं आणि लगेच आपल्या माणसाकडं परत जायचं. आता नवा स्क्रीनच्या वरून चेंडूमागं धावतो, कारण त्याला वाटतं उंच खेळाडू परत जाईल. उंच खेळाडू चेंडूवरच राहतो, कारण त्याला वाटतं स्विच झालं. दोघं चेंडूवर, आणि स्क्रीन लावणारा रिंगखाली मोकळा. फुकटचा लेअप. मग "तू कुठं होतास?" असं एकमेकांना सुनावणं सुरू होतं. अशा चार बास्केट म्हणजे आठ गुण, आणि आपल्या पातळीवरचे कितीतरी सामने त्याहून कमी फरकानं सुटतात.

उपाय असा: पहिल्याच दिवशी फळ्यावर सहा-सात शब्द लिहा आणि प्रत्येकाचा अर्थ मैदानावर चालून दाखवा. स्विच, हेज, ड्रॉप (उंच खेळाडूनं पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या आखलेल्या चौकोनात, मागं थांबायचं), हेल्प, बॉल, स्क्रीन डावीकडं, स्क्रीन उजवीकडं. शब्द इंग्रजी असोत की मराठी, फरक पडत नाही. एका गोष्टीला एकच शब्द हवा आणि तो आधी मागच्या खेळाडूनं, मोठ्यानं बोलायला हवा, कारण स्क्रीन त्यालाच दिसतो. स्टार जर बचावात गप्प राहत असेल तर संघही आठवड्याभरात गप्प होतो. म्हणून आवाजाची सक्ती पहिल्यांदा त्याच्यावर करा.

या दोन आठवड्यांत नव्या चाली बसवू नका. 90 मिनिटांचा सराव असा वाटा: वॉर्म-अप 15 मिनिटं, ड्रिबलशिवाय चारास चार 20 मिनिटं, बचावाचा शेल ड्रिल 20 मिनिटं, पाचास पाच खेळ 25 मिनिटं, आणि शेवटी थकलेल्या पायांनी फ्री थ्रो 10 मिनिटं.

ड्रिबलशिवाय चारास चार हा या काळातला सगळ्यात उपयोगी सराव आहे. चेंडू पुढं न्यायचा तो फक्त पासनं. चेंडू मिळाल्यावर दोन सेकंदांत शॉट किंवा पास. स्टारला चेंडू हवा असेल तर त्याला पळून, कट मारून मोकळं व्हावं लागतं, आणि त्याला पास देणाऱ्याला त्याचा वेग कळतो. सुरुवातीला पास त्याच्या पाठीमागं जातात किंवा घोट्याला लागतात. वेगवान खेळाडूला पास त्याच्या पुढच्या हाताच्या दिशेनं, छातीच्या उंचीवर हवा. हा अंदाज यायला शेकडो पास लागतात, त्याला दुसरा रस्ता नाही. एकत्र मिसळ खायला जाणं चांगलंच आहे, जरूर जा. पण पास कुठं टाकायचा हे हातालाच शिकावं लागतं.

शेल ड्रिलमध्ये चार बचावपटू, चार आक्रमक, चेंडू फक्त बाहेरून फिरवायचा. प्रत्येक पासवर बचावाच्या चौघांनी सरकायचं: चेंडूवर एक, एका पासच्या अंतरावरच्या माणसावर एक, बाकी दोघं पेंटच्या दिशेनं. कुणी बोललं नाही तर थांबवा आणि तो पास पुन्हा करा.

पाचास पाचमध्ये निम्म्या वेळा नव्याला दुसऱ्या संघात घाला. बाकावरच्या मुलांना त्याच्यासोबत खेळायला मिळतं, आणि पहिल्या पाचांना त्याच्याविरुद्ध बचाव करावा लागतो. दोन्हीमुळं आदर वाढतो, आणि हा आदर भाषणानं येत नाही.

पावसाचा हिशेबही ठेवा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरातली उघडी सिमेंटची कोर्ट ओली आणि शेवाळलेली असतात. गुडघा किंवा घोटा जायला एवढं पुरतं. नवा खेळाडू या काळात येत असेल तर सहाऐवजी नऊ-दहा आठवडे धरा. मैदान बंद असेल त्या दिवशी कॉलेजच्या वर्गात व्हिडिओ आणि फळा, हॉल मिळाला तर चेंडूशिवाय बचावाचं सरकणं आणि बोलणं. शब्द एक करायचं निम्मं काम चेंडूशिवाय होतं.

आक्रमण: चौघांचं उभं राहणं बंद करा

तिसऱ्या आठवड्यापासून एक रोग दिसायला लागतो. स्टार टॉपवर, म्हणजे रिंगच्या बरोबर समोर बाहेर, चेंडू घेऊन ड्रिबल करतो आणि बाकी चौघं बघत उभे राहतात. ते आळशी झालेले नसतात. त्याच्या रस्त्यात येऊ नये असं त्यांना मनापासून वाटतं, आणि त्याच भीतीनं ते त्याच्याजवळ गोळा होतात. परिणाम असा की त्याच्यावर दोन बचावपटू सहज येतात, कारण दोघांना धावायचं अंतरच नसतं.

स्टॉपवॉच घ्या. एका पझेशनमध्ये स्टारच्या हातात चेंडू सलग किती सेकंद राहतो ते मोजा. हाफलाइन ओलांडायला आठ सेकंदांची मुभा आहे. त्यानंतर आठ-दहा सेकंद चेंडू एकाच हातात राहिला तर शॉट क्लॉकवर सहा-आठ सेकंद उरतात आणि चौघांपैकी कुणाच्या तरी हातात निखारा येतो. तो घाईत शॉट मारतो, चुकवतो, आणि आकडेवारीत त्याची टक्केवारी पडते. दोष त्याच्या नावावर लागतो, चूक आधीची असते. नियम करा: हाफ कोर्टमध्ये आल्यावर चार सेकंदांत चेंडू एकदा तरी हातातून सुटला पाहिजे. तो परत त्याच्याकडं आला तरी चालेल. चेंडू एका बाजूकडून दुसरीकडं गेला की बचाव सरकतो, आणि सरकत्या बचावावर तोच खेळाडू दुप्पट धोकादायक होतो.

जागा खडूनं आखा. दोन कॉर्नर (बेसलाइनजवळचे कोपरे), दोन विंग (डाव्या-उजव्या बाजू), एक टॉप. थ्री पॉइंटची रेषा रिंगपासून 6.75 मीटरवर असते, तिच्या अर्धा पाऊल मागं. दोन खेळाडूंमध्ये चार ते पाच मीटर अंतर राहिलंच पाहिजे. स्टार ज्या बाजूनं आत घुसतो त्या बाजूचा कॉर्नर थोडा खाली सरकतो, विरुद्ध विंग वर येतो, उंच खेळाडू रिंगच्या पलीकडच्या बाजूला जातो. तिघांनाही आपली हालचाल पाठ हवी. पाचास शून्य, म्हणजे समोर कुणी नसताना, रोज 15 वेळा करून घ्या.

कॉर्नरमध्ये कुणाला ठेवायचं? ज्याचा शॉट चुकेल म्हणून समोरचे त्याला मोकळं सोडतात त्याला तिथं ठेवलं, तर त्याचा बचावपटू थेट पेंटमध्ये येऊन बसतो. अशा मुलाला स्क्रीन लावायला द्या किंवा बेसलाइनवरून कट करायला लावा. चांगला हात असलेला मुलगा कॉर्नरला.

2010 मध्ये मायामी हीटकडं लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश आले, ड्वेन वेड आधीच होता. पहिल्या 17 सामन्यांत 9 विजय आणि 8 पराभव. जेम्स आणि वेड दोघंही चेंडू हातात घेऊन खेळणारे, त्यामुळं एकाच्या हातात चेंडू असताना दुसरा नुसता उभा. पुढं चेंडूशिवायचं कटिंग वाढलं आणि बॉशनं आपलं काम बदललं. टोरंटोत शेवटच्या हंगामात 24.0 गुणांची सरासरी असलेला हा खेळाडू मायामीत पहिल्या वर्षी 18.7 वर आला. त्या वर्षी संघ अंतिम फेरीत डॅलसकडून हरला, आणि 2012 आणि 2013 ला जिंकला. तीन अव्वल खेळाडूंना घडी बसवायला एक पूर्ण हंगाम लागला, हे लक्षात ठेवून आपल्या संघाला मुदत द्या.

उलट उदाहरण 2012-13 च्या लॉस एंजेलिस लेकर्सचं. कोबी ब्रायंटसोबत स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आले. नॅश 38 वर्षांचा, हॉवर्ड पाठीच्या शस्त्रक्रियेतून नुकताच उठलेला, आक्रमणाची पद्धतही त्याच वर्षी नवी. पहिल्या पाचपैकी चार सामने गेले आणि प्रशिक्षकालाच काढलं. शेवटी 45 विजय, 37 पराभव आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत सॅन अँटोनिओकडून 4-0 असा पराभव. माणसं, पद्धत आणि प्रशिक्षक तिन्ही एकाच वर्षी बदलली की कुठला बदल लागू पडला तेच कळत नाही. नवा खेळाडू येणार त्या हंगामात चाली जुन्याच ठेवा.

मिनिटांचं वाटप

हे कागदावर करायला अर्धा तास लागतो आणि भांडणं पुष्कळ वाचतात. 40 मिनिटांत नव्याला 32 आणि 7 नंबरला 30 द्यायची असतील आणि दोघांपैकी एक तरी कायम मैदानात हवा असेल, तर दोघं एकत्र 22 मिनिटं, नवा एकटा 10 आणि 7 नंबर एकटा 8 मिनिटं, असा हिशेब येतो. चार क्वार्टरमध्ये वाटलं तर प्रत्येक 10 मिनिटांत साडेपाच मिनिटं एकत्र, अडीच मिनिटं नवा एकटा, दोन मिनिटं 7 नंबर एकटा.

पहिल्या तीन क्वार्टरमध्ये दोघांना एकत्र उतरवा, मग 7 नंबरला काढा, शेवटची दोन मिनिटं नव्याला काढून 7 नंबरच्या हाती द्या. क्वार्टरनंतरची दोन मिनिटांची सुट्टी धरून नव्याला चार मिनिटं विश्रांती मिळते, मध्यंतराला तर 15 मिनिटांची सुट्टी धरून 17. चौथ्या क्वार्टरमध्ये क्रम उलटा: आधी नवा एकटा, मग 7 नंबर एकटा, शेवटची साडेपाच मिनिटं दोघं. बदल चेंडू थांबल्यावरच करता येतो, त्यामुळं अर्धं-एक मिनिट इकडंतिकडं होणार.

7 नंबरच्या एकट्याच्या वेळेत त्याच्या जुन्या चालीच चालवा. त्या आठ मिनिटांत तो पुन्हा आधीचा एक्का असतो. पाच-सहा सामन्यांनंतर तोच सांगायला येतो की एकत्र खेळताना आता मोकळे शॉट मिळतायत.

फाउलची तयारीही आधीच हवी. पाच फाउलला खेळाडू बाहेर जातो. नव्याला पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले तर काढायचं की ठेवायचं, हे सामन्याआधी ठरवून संघाला सांगा. क्लब पातळीवर आमचं मत असं की काढावं आणि दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर परत आणावं. हरल्यानंतर "त्याला कशाला ठेवलं" हा वाद होत नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणाकडं, हेही आधी ठरवा. दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइमआउट मिळतात, त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. दोन चाली तयार असू द्या, एक नव्यासाठी, एक 7 नंबरसाठी, आणि दोन्ही सुरुवातीला सारख्याच दिसणाऱ्या.

बाक, पैसे आणि हजेरी

ज्या मुलाची पाचांतली जागा गेली त्याला आपण सगळे विसरतो. आपल्या नमुन्यात तो 10 पझेशनवाला. त्याला 12 ते 15 मिनिटांचं नेमकं काम द्या: प्रत्येक अर्ध्यात ठरलेल्या वेळी आत, समोरच्या पॉइंट गार्डवर (चेंडू पुढं आणणाऱ्यावर) पूर्ण मैदान दबाव. आपण कधी आत जाणार हे ठाऊक असलेला खेळाडू बाकावर तयार बसतो.

स्टारनं चेंडूच मागितला पाहिजे असंही काही नाही. 1995-96 मध्ये शिकागो बुल्सकडं आलेल्या डेनिस रॉडमननं सरासरी 5.5 गुण केले आणि 14.9 रिबाउंड घेतले. संघ 72 जिंकला, 10 हरला. आपल्याकडं शूटर आधीच दोन असतील तर बाहेरून तिसरा शूटर आणण्याऐवजी रिबाउंड घेणारा शोधा. त्याच्यामुळं कुणाचीच पझेशन कमी होत नाहीत, उलट संघाला शॉटची दुसरी संधी मिळते.

आता नाजूक भाग. बाहेरगावच्या खेळाडूला प्रवासखर्च, बूट, कधी मानधन दिलं जातं. ते लपवू नका. किती आणि कशासाठी, हे निदान कर्णधार आणि दोन ज्येष्ठ खेळाडूंना संघानं स्वतः सांगावं. कोल्हापूर एवढं लहान आहे की आठवड्यात ही गोष्ट कट्ट्यावर पोचते, आणि पोचते तेव्हा आकडा दुप्पट झालेला असतो.

हजेरीचं त्याहून कडक. सांगलीहून येणाऱ्याला एका बाजूला साधारण 50 किलोमीटर पडतात, पुण्याहून येणाऱ्याला सव्वादोनशेच्या वर. रोज येणं शक्य नाही हे मान्य. मग आठवड्याला किमान दोन पूर्ण सराव असा आकडा ठरवा आणि त्यातला एक सामन्याच्या आधीच्या तीन दिवसांत हवा. कमी पडला तर तो पाचांत उतरणार नाही, पाचव्या मिनिटाला बाकावरून येईल. एकदा तरी हा नियम खऱ्या सामन्यात पाळून दाखवावा लागतो, आणि तो पहिल्याच महिन्यात पाळलेला बरा. बाहेरचा खेळाडू चालतो का आणि नोंदणीची मुदत कधी, हे स्पर्धेच्या नियमपत्रिकेत प्रवेशिका भरायच्या आधी वाचून घ्या.

बिघाड कसा ओळखायचा

भांडण दिसायच्या आधी मैदानावर खुणा दिसतात. 7 नंबर बास्केट झाल्यावर बचावाला चालत परत येतो. एखादा मुलगा मोकळा असून शॉट घेत नाही आणि चेंडू परत स्टारकडं देतो. टाइमआउटमध्ये दोन घोळके पडतात. स्टार पडल्यावर हात द्यायला कुणी पुढं येत नाही. यातली कुठलीही खूण सलग दोन सामन्यांत दिसली तर त्याच आठवड्यात वही काढून बसा.

मोकळा असून शॉट न घेणं ही खूण सगळ्यात फसवी, कारण ती निःस्वार्थीपणासारखी दिसते. तो मुलगा चुकायला घाबरतोय. त्याला सरावात सांगा, मोकळा असताना पास दिला तर संघाची चूक धरली जाईल. आणि हे वाक्य स्टारच्या तोंडून आलं तर दहापट लागू पडतं: "मी पास दिला की मार, चुकला तर रिबाउंड मी घेतो."

प्रेक्षकांचाही दाब असतो. घरच्या मैदानावर नव्याच्या नावाचा जयघोष होतो आणि गावच्या पोरानं शॉट चुकवला की हुर्यो. कर्णधारानं सामन्यानंतर आभार मानताना पास देणाऱ्यांची आणि बचाव करणाऱ्यांची नावं घ्यावीत. स्थानिक वार्ताहराला बातमी देताना गुणांसोबत रिबाउंड आणि असिस्टही (ज्या पासवर बास्केट झाली ते पास) लिहून द्यावेत.

सहाव्या आठवड्याला पुन्हा मोजणी

तीच वही, तेच रकाने, किमान पाच सामने. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका, एखाद्याचा हात त्या दिवशी लागलेला असतो. चार आकडे बघा. एकूण गुण भागिले पझेशन, म्हणजे 75 मध्ये 60 असतील तर 0.80. प्रतिस्पर्ध्याचा तोच आकडा. पझेशनचं वाटप ठरवल्याप्रमाणं झालं का. आणि असिस्टच्या जोडीला, शॉट चुकला तरी ज्या पासमुळं तो मोकळा मिळाला ते पास.

आपला आकडा वाढला आणि प्रतिस्पर्ध्याचा घटला, तर वाटप थोडं चुकलेलं असलं तरी हात लावू नका. आपला वाढला पण प्रतिस्पर्ध्याचाही वाढला, तर बचावाच्या शब्दांकडं परत जा, पुन्हा पहिल्या दिवसासारखा शेल ड्रिल. दोन्ही बिघडले आणि नव्याच्या रकान्यात 23 ऐवजी 30 रेघा असतील, तर त्याला वही दाखवा. चिडू नका, त्याच्यासमोर मोजा. बहुतेक चांगले खेळाडू आकडा बघून स्वतःच विचारतात, "मग मी कुठं सोडायला हवा होता चेंडू?" त्या सात जादा पझेशनचा व्हिडिओ लावा आणि प्रत्येक ठिकाणी कोण मोकळा होता ते त्यालाच शोधू द्या.

आणि दर आठवड्याला एक सराव नव्याशिवाय करा. परीक्षा येते, नोकरी लागते, घोटा मुरगळतो. त्या दिवशी 7 नंबरच्या चाली, जुने पाच आणि 20 मिनिटांचा पूर्ण खेळ. नवा आला असेल तर त्याला बाजूला बसवून वही त्याच्या हातात द्या आणि रेघा त्यालाच मारू द्या.